चौदा रुमाल

हॉटेलच्या लॉण्ड्रीत माझ्या पाठीमागे मला सगळे ‘इस्त्री’ म्हणतात. तापट म्हणून म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं झाली. दोनशे दहा खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल माझ्या टेबलावरून जातात आणि मशीनमध्ये जायच्या आधी प्रत्येक डाग मी बघते. चहा, कॉफी, रक्त, लिपस्टिक, गंज, शाई. आधी ओळखायचं, मग धुवायचं. उलटं केलं तर रक्तावर गरम पाणी पडतं आणि डाग जन्माचा बसतो. नव्या आलेल्या पोरींना मी हे पहिल्या दिवशी सांगते, दुसऱ्या दिवशी ओरडून सांगते. एवढी स्वतःची टिमकी वाजवायचं कारण एकच. जो डाग ओळखायला हवा होता, नेमका तोच मी ओळखला नाही.

तो माझ्याच घरात पडला होता, सूनबाईच्या चादरीवर.

माझा मुलगा जहाजावर इंजीनरूममध्ये असतो. एकदा गेला की आठ-नऊ महिने तोंड दिसत नाही. घरात आम्ही दोघी. ती चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवते. दिवसभर नखाएवढे स्क्रू पिळायचे, त्यामुळे हात हलका आणि आवाज त्याहून हलका. शेजारच्या खोलीतून तिने बोलावलं तर ऐकू येत नाही, म्हणून ती बोलावतच नाही, उठून येते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ती दोन वर्षं मी तिच्यावर डागांवरून ओरडत होते. टेबलावर ओल्या पेल्याचं कडं उमटलं, ओरडले. बाहीला शाई लागली, ओरडले. मला वाटायचं मी वळण लावतेय. माझ्या नाकावर राग असतो, पण मनात काही नसतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. मनात काय आहे ते समोरच्याला दिसत नाही, नाकावरचं तेवढं दिसतं, हे मला साठीला आल्यावर कळलं.

तिच्या पित्ताशयात खडे झाले. पोटात कळा यायच्या, घामाने भिजायची. सर्जन म्हणाले, पिशवी काढून टाकू, दुर्बिणीने करू, पोटाला चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आली. हॉस्पिटलने एक कागद दिला होता: ताप आला, डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, ड्रेसिंग ओलं झालं, तर लगेच फोन करा. तो मी फ्रिजवर चिकटवला, चारही कोपरे सरळ करून. चिकटवला आणि विसरले.

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी मी तिची चादर बदलायला गेले. मला सातची शिफ्ट गाठायची होती. ती उठून खुर्चीत बसली, आणि मी बघते तर चादरीवर उजव्या बाजूला तळहाताएवढा पिवळट डाग. शेजारी स्टुलावर चहाचा कप.

“चहा सांडलास?” मी विचारलं.

तिने तोंड उघडलं. मी चादर ओढायला लागलेही होते.

“अंथरुणात बसून चहा प्यायचा नाही हे किती वेळा सांगायचं गं? आजारी आहेस, तान्हं बाळ नाहीस.”

“चुकलं, आई,” ती म्हणाली.

मी चादर उकळत्या पाण्यात टाकली, पावडर टाकली, डाग गेला. मनात म्हटलं, हात आहे की मशीन. आणि खुशीत कामावर गेले.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला. पेशंट कशी आहे, जेवते का, ड्रेसिंग कसं आहे. सूनबाई दोन हातांच्या अंतरावर झोपली होती. तिला विचारायला मला फक्त मान वळवायची होती.

“कोरडं ठणठणीत,” मी म्हटलं. “आमच्या घरात काही ओलं राहायची टाप नाही.”

सिस्टर हसली. मीही हसले. ते हसणं अजून कानात आहे.

सहाव्या दिवशी दुपारी चारला घरी आले. दार उघडलं तरी आतून काही हालचाल नाही. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिचे दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर भाजला. पोट वर आलेलं, टणक. “खांदा दुखतोय,” म्हणाली. पोटाच्या ऑपरेशनला खांदा का दुखावा? ताप उतरवायला पट्ट्या ठेवाव्या म्हणून मी न्हाणीघरात पळाले आणि बादली ओढली. बादलीमागे प्लास्टिकची पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली.

आत रुमाल होते. माझ्या मुलाचे, मोठे, पांढरे, मी स्वतः इस्त्री करून कपाटात ठेवलेले. चौदा. बारा साबणाने घाईघाईत धुतलेले, ओलसर, मधे फिकट पिवळा भाग आणि कडेला हिरवी रेघ. दोन न धुतलेले, वाळून कडक झालेले, तेही कडेला हिरवे.

चहा हिरवा पडत नाही. कॉफी पडत नाही, रक्त पडत नाही. सव्वीस वर्षांत हा डाग माझ्या टेबलावर आला नव्हता. ओल्या फरशीवर मी तशीच बसले, साडेचार मिनिटं की अर्धा तास, देव जाणे. मग ते रुमाल घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

“हे काय आहे?”

तिने डोळे अर्धे उघडले. “आई, मी धुणार होते. पूर्ण निघत नव्हतं.”

अंगात एवढा ताप, आणि पोरगी डाग निघाला नाही म्हणून माफी मागत होती.

“कुठून आलं हे?”

तिने गाउन वर केला. उजवीकडच्या भोकावर कापसाची पट्टी होती. “इथून यायचं. त्या चादरीवर पडलं ना, तेव्हापासून. मग मी रुमाल ठेवायला लागले. पण काल सकाळपासून थांबलंय. मला वाटलं, बरं झालं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

हे मी ओरडून विचारलं. तेव्हासुद्धा. ती दचकली, खांदे कानांपर्यंत उचलले गेले, मारायला हात उगारल्यावर माणूस करतं तसे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं, आणखी विचारायची गरज नव्हती.

टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. प्रत्येक खड्ड्याला कण्हायची आणि मग “काही नाही, काही नाही” म्हणायची. रुमालांची पिशवी माझ्या पर्समध्ये होती. मी सारखी पर्स चाचपत होते, कुणी चोरेल अशी.

हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीत सर्जन आले. उंच, वाकून चालणारा माणूस, बोलायच्या आधी तळहात एकमेकांवर चोळायची सवय. त्यांनी पोट दाबलं तशी ती किंचाळली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

“ड्रेसिंग कधी ओलं झालं होतं का?” त्यांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. सर्जनकडे नाही, माझ्याकडे.

“नाही,” ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, एक क्षण मी गप्प राहिले. सिस्टरच्या वहीत लिहिलेलं असणार: सासू म्हणते कोरडं आहे. मुलाला कळणार. चार माणसांत कळणार की इस्त्रीच्या घरात सुनेने भीतीने रुमाल लपवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझ्या मनात आलं, आणि आलं याची मला मरेपर्यंत लाज वाटेल. कारण समोर ती थरथरत पडली होती, आणि माझी मूठ झाकण्यासाठी ती तिचा जीव देत होती.

मी पर्स उघडली आणि पिशवी टेबलावर उपडी केली.

“ओलं झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून. चादरीवर पडलं ते मी चहा समजून धुतलं. तुमच्या सिस्टरला कोरडं म्हणून मीच सांगितलं, बघितल्याशिवाय. आणि हे तिने लपवले ते माझ्या तोंडाला भिऊन.”

एका दमात बोलले. सर्जननी तळहात चोळायचं थांबवलं. एक रुमाल उचलून दिव्यासमोर धरला.

“पित्त आहे हे,” ते म्हणाले. “साधारण किती गेलं असेल, काही अंदाज?”

एवढं मात्र मला येत होतं. मी रुमाल रांगेत मांडले. “हा रुमाल काठोकाठ भिजला तर पन्नास मिली धरतो. पण डाग कुठपर्यंत पसरलाय ते बघा. हे पाच काठापर्यंत गेलेत. हे सात निम्म्यापर्यंत. हे शेवटचे दोन जेमतेम मधे.” मग तिला विचारलं, हळू विचारलं, “दिवसाला किती वापरलेस?”

“पहिल्या दिवशी दोन. मग पाच, पाच. काल सकाळी दोन.”

“आणि मग थांबलं,” मी म्हटलं.

“थांबलं नाही,” सर्जन म्हणाले. “बाहेर यायची वाट बुजली. आता ते आत साठतंय.”



पुढचे दोन तास धावपळ. सोनोग्राफी झाली, मोठं स्कॅन झालं. सुई घालून तिच्या बरगडीखालून एक बारीक नळी आत सोडली आणि बाहेर पिशवी लावली. पिशवी बघता बघता भरली, सिस्टरने मोजून लिहिलं: नऊशे मिली. हिरवट, दाट. एवढं सगळं त्या काडीसारख्या पोरीच्या पोटात होतं आणि ती मला स्वयंपाकात भाजी चिरून देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीवाल्या डॉक्टरीणबाई आल्या. बुटक्या, पायात खेळाचे बूट, बोलणं भरभर. त्यांनी संमतीच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. हे लिव्हर. इथून पित्ताची नळी खाली आतड्यात येते. इथे पित्ताची पिशवी होती, ती काढली. तिचं देठ क्लिपा लावून बंद केलेलं असतं, तिथून गळतंय.

“मग परत पोट उघडणार?” मी विचारलं.

“नाही. तोंडातून दुर्बीण घालायची, पोटातून आतड्यात, नळीचं तोंड जिथे उघडतं तिथपर्यंत. ते तोंड जरासं कापून मोठं करायचं आणि आत प्लास्टिकची छोटी नळी बसवायची. पित्ताला खाली जायला सोपी वाट मिळाली की ते त्या देठाकडे वळत नाही. देठ आपोआप भरून येतं. सहा आठवड्यांनी नळी काढून टाकायची. ती काढायला विसरायचं मात्र नाही.”

“म्हणजे गळतीला हातच लावायचा नाही?”

“नाही. वाट सोपी करायची, बास.”

मला ते पटलं नाही. डाग असेल तिथे घासायचं, एवढीच मला अक्कल. पण मी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

मग त्यांनी धोके वाचून दाखवले. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित आतड्याला भोक पडू शकतं. प्रत्येक वाक्याला माझी पाचावर धारण बसत होती. सूनबाईने सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. नखाएवढे स्क्रू न चुकता पिळणारा हात, पण सही ओळीखाली घसरली.

स्ट्रेचरवर घेऊन जाताना तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला. वाटलं, मुलासाठी काही निरोप असेल.

“आई, हॉस्पिटलच्या चादरीला लागलं का काही?”

लागलं होतं. पिशवीच्या जोडाशी दोन थेंब, पिवळे, कडेने हिरवे होत चाललेले.

“नाही,” मी म्हटलं.

दार बंद झालं. बाहेर लोखंडी बाक, पाण्याचा थंड नळ, भिंतीवर न चालणारं घड्याळ. मी फोनमधलं घड्याळ बघत बसले. समोर धुतलेल्या चादरींची गाडी उभी होती. मी त्यांतले डाग शोधायला लागले, कारण दुसरं काही केलं असतं तर ओरडले असते. तिसऱ्या चादरीवर गंज. सहावीवर शाईचा ठिपका. अकराव्या चादरीशी दार उघडलं आणि आतून एक माणूस धावत बाहेर आला, काहीतरी घेऊन परत आत धावला. काय नेलं, का नेलं, कोण सांगणार? माझा जीव टांगणीला लागला. मनात म्हटलं, हिला परत दे, मग हिने भिंती रंगवल्या तरी मी ब्र काढणार नाही. कोणाला म्हटलं ते माहीत नाही. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या बाकावर सगळेच थोडे थोडे तसे होतात.

पन्नास मिनिटांनी डॉक्टरीणबाई टोपी काढत आल्या. “नळी बसली. नळीत रंग सोडून फोटो काढला, गळती देठातूनच होती, मोठ्या नळीला काही झालेलं नाही. हीच बातमी मला हवी होती.”

“धावत कोण गेला होता?”

“कोण? अच्छा, तो. चार्जर आणायला.”

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

पण सुख एवढ्या लवकर मिळायचं नव्हतं. संध्याकाळी तिच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं, पाठीपर्यंत जाणारं. स्वादुपिंडाची सूज, माझ्या डोक्यात तोच फॉर्म नाचायला लागला. रक्त घेतलं. रिपोर्ट यायला दोन तास. तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, आणि दुखलं की दाबायची. आता ती “काही नाही” म्हणत नव्हती. “आई, दुखतंय,” म्हणत होती. मला त्याची भीती वाटत होती आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. रिपोर्ट बरा निघाला. हवा भरली होती म्हणून दुखतंय, म्हणाले. सकाळपर्यंत दुखणं ओसरलं.

मुलाचा फोन लागला तो त्यानंतर. जहाज बंदराला लागलं होतं. तिने स्पीकर लावला.

“आईंनी ओळखलं म्हणून वाचले रे,” तिने सांगितलं. “रुमाल बघितल्या बघितल्या त्यांना कळलं.”

तो रडायला लागला. “आई, तू होतीस म्हणून,” म्हणाला. मी सर्जनसमोर एका दमात सगळं ओकले होते, पण मुलासमोर जीभ टाळ्याला चिकटली. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत काही रोष नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

पुढचे दिवस त्या पिशवीकडे बघण्यात गेले. सिस्टरने मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “मावशी, तुमचं सगळं ऐकलंय मी. पिशवीला हात लावायचा नाही. रिकामी करायची नाही, पुसायची नाही. डागाळलेली पट्टी फेकायची नाही. सगळं मला दाखवायचं.” मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. नळीवर एक ओघळ वाळला होता आणि तो मला हाक मारत होता, पण नाही. रोजचं माप उतरत गेलं: अडीचशे मिली. एकशे दहा. साठ. साठ पुन्हा, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग पंधरा. मग काही नाही. पण ‘काही नाही’चं काय होतं ते मी बघून चुकले होते, म्हणून मीच सर्जनच्या मागे लागले. आत साठत तर नाही ना? त्यांनी सोनोग्राफी करून दाखवली. आत कोरडं होतं. पोटातून बाहेर आलेली नळी काढली, भोकावर पट्टी लावली. आतली छोटी नळी राहिली, सहा आठवड्यांसाठी. काढायची तारीख मी फ्रिजवर लिहिली, कपाटावर लिहिली, लॉण्ड्रीतल्या माझ्या टेबलावर लिहिली.

घरी आल्यावर मी कपाटाच्या तळातून पांढरी चादर काढली. मुलाने पहिल्या पगारातून आणलेली, कधी अंथरली नव्हती. तिच्या पलंगावर घातली.

“आई, ही?” ती दारातच थांबली. “ही खराब होईल.”

“हीच. हिच्यावर थेंब पडला तर लपणार नाही.”

“आणि पडला तर?”

“तर हाक मारायची. मोठ्याने. मी ओरडले तरी मारायची. माझ्या तोंडाची खात्री मला स्वतःला नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.”

ती हसली नाही. मान डोलावली आणि चादरीच्या अगदी कडेला बसली.

चार दिवस काही झालं नाही. मी रोज सकाळी उठले की आधी तिच्या दाराशी जाऊन चादर बघायचे, मग तोंड धुवायचे. पाचव्या दिवसापासून पुन्हा कामावर जायचं होतं. सकाळी साडेसहाला मी दाराशी बसून बूट चढवत होते.

“आई!”

भिंतीपलीकडून. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आला. मी एका पायात बूट घालून धावले.

ती पलंगावर बसली होती, दोन्ही हात हवेत धरून. गाउन उजव्या कुशीवर ओला. पांढऱ्या चादरीवर, उजव्या बाजूला, तळहाताएवढा पिवळट डाग आणि तो पसरत होता. मी पलंगाशी खाली बसले. आता परत टॅक्सी, परत सुई, परत तो बाक. मी चादरीला नाक लावलं, पण मला काही कळेना. सव्वीस वर्षांचं नाक, त्या घटकेला ठार बंद. मग मी डागाला बोट लावून जिभेवर ठेवलं.

गोड होतं.

पलंगाखाली कप आडवा पडला होता.

“चहा आहे,” मी म्हटलं.

“हो, चहाच आहे. सांडला.”

“मग हाक कशाला मारलीस? माझा जीव गेला असता!”

“तुम्हीच म्हणालात, थेंब पडला तर हाक मारायची,” ती म्हणाली. “कसला थेंब ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

मी ओरडायला तोंड उघडलं. नेहमीच्या जागेवरून नेहमीचा श्वास वर आला, पण बाहेर पडलं ते रडू. मोठ्याने, बाईला शोभणार नाही असं. तिने हवेतले हात खाली आणले, एक माझ्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने चादर ओढायला लागली.

“उठा आई, गरम पाण्यात टाकते, नाहीतर बसेल तो.”

“बसू दे. आधी पट्टी दाखव.”

दुधाने तोंड पोळलेली मी. तिने गाउन वर केला. पट्टी वरून चहाने भिजली होती. मी कडेपासून हलकेच सोडवली, तिच्या हातांसारखा हात हलका ठेवायचा प्रयत्न करत, आणि उलटी करून खिडकीकडे नेली. आतल्या बाजूला, जखमेला लागून असलेला कापूस कोरडा होता. पांढरा. मी काही घासलं नव्हतं, काही उकळलं नव्हतं. तो आपला आपण पांढरा राहिला होता.

त्या दिवशी मी कामावर पाऊण तास उशिरा पोचले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. टेबलावरच्या पोरी हातातलं काम सोडून बघायला लागल्या. एकीने धीर करून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. सुनेने चादरीवर चहा सांडला,” मी म्हटलं.

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. आज त्या सुनेची धडगत नाही, असंच त्यांना वाटलं असणार.